नातवाचा हिवताप आणि सुनेचा हिवताप

साठी-सत्तरी ओलांडलेल्या वाचकांना खांद्याला पिशवी अडकवून दारोदार फिरणारा मलेरियाचा कर्मचारी आठवत असेल. घरात कुणाला ताप येऊन गेला का, असे तो विचारी, बोटाला सुई टोचून काचेच्या पट्टीवर रक्ताचा थेंब घेई, मोठ्या माणसाच्या हातावर क्लोरोक्विनच्या चार गोळ्या ठेवी आणि भिंतीवर तारीख लिहून पुढच्या घरी जाई. १९५३ साली देशात मलेरिया नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. १९५८ मध्ये त्याचे रूपांतर निर्मूलन कार्यक्रमात झाले. १९६५ च्या सुमारास देशात नोंद होणारे रुग्ण लाखाच्या घरात उतरले आणि १९७६ मध्ये तोच आकडा ६४ लाखांवर चढला. त्या चढउताराची कहाणी मोठी आहे, ती पुन्हा कधीतरी. आज बोलायचे आहे ते त्या चार गोळ्यांविषयी, कारण त्यांची सवय आमच्या खासगी दवाखान्यांतून अद्याप पुरती गेलेली नाही.

त्या चार गोळ्या हा पूर्ण उपचार कधीच नव्हता. पट्टी तालुक्याच्या प्रयोगशाळेत जाऊन अहवाल येईपर्यंत कितीतरी दिवस जात. तोवर रोग दबून राहावा एवढाच त्यांचा हेतू. ‘ताप म्हणजे मलेरियाच, असे धरून चालू’ या हिशेबाने दिलेले ते औषध होते. आता तो हिशेब राहिलेला नाही. पंधरा-वीस मिनिटांत निकाल देणारे तपासणी संच उपलब्ध झाले, मलेरियाच्या परजीवींनी काही औषधांना दाद देणे सोडले, आणि २०१३ च्या राष्ट्रीय औषध धोरणाने स्पष्ट सांगितले की आधी रक्त तपासावे, मलेरिया कोणत्या जातीचा आहे ते पाहावे आणि मगच त्या जातीचे औषध द्यावे.

खासगी दवाखान्यात मात्र गणित वेगळे असते. पदरचे पैसे मोडून आलेल्या रुग्णाला संध्याकाळपर्यंत उतार हवा असतो. रक्त तपासायला सांगितले तर ‘डॉक्टरांना काही कळत नाही, म्हणून लॅबमध्ये पाठवतात’ असे म्हणणारे नातेवाईकही भेटतात. अहवाल घेऊन तो उद्या परत येईल याची खात्री नसते. मग डॉक्टर एकाच कागदावर क्लोरोक्विन, एखादे प्रतिजैविक, तापाची गोळी आणि वर एक सुई असे सगळेच लिहून टाकतात. धडधाकट तरुणाच्या बाबतीत हे पुष्कळदा निभावून जाते, आणि निभावते म्हणूनच ही पद्धत टिकते. परंतु घरात दोन माणसे अशी असतात की ज्यांच्या बाबतीत ते निभावेलच असे नाही: पाच वर्षांखालचे मूल आणि दिवस गेलेली स्त्री. ही दोघे दवाखान्यात येतात ती बहुधा तुमच्यासोबत. मुलाचे आईवडील कामावर असतात; सून सासूबरोबर येते किंवा मुलगी माहेरी आलेली असते. म्हणून डॉक्टरांनी काय लिहावे हे मी आज डॉक्टरांना नव्हे, तुम्हाला सांगत आहे.

मुलापासून सुरुवात करू. मलेरियाच्या औषधाचे मुलांचे प्रमाण वजनावर ठरते. व्हायव्हॅक्स जातीच्या मलेरियात क्लोरोक्विन तीन दिवस देतात: पहिल्या आणि दुसऱ्या दिवशी वजनाच्या प्रत्येक किलोमागे १० मिलिग्रॅम, तिसऱ्या दिवशी ५ मिलिग्रॅम. म्हणजे १२ किलोच्या मुलाला पहिल्या दिवशी १२०, दुसऱ्या दिवशी १२० आणि तिसऱ्या दिवशी ६० मिलिग्रॅम. हिशेब सोपा वाटतो, पण त्यात एक खोच आहे. हे आकडे क्लोरोक्विनच्या मूळ द्रव्याचे आहेत. गोळीच्या वेष्टनावर मात्र अनेकदा त्याच्या क्षाराचे वजन ठळक छापलेले असते. क्लोरोक्विन फॉस्फेटच्या २५० मिलिग्रॅमच्या गोळीत मूळ द्रव्य १५० मिलिग्रॅमच असते. पातळ औषधेही वेगवेगळ्या तीव्रतेची मिळतात. ‘दोन चमचे द्या’ एवढ्या तोंडी सूचनेवर मूल घरी आणले आणि मेडिकलवाल्याने दुसऱ्याच तीव्रतेची बाटली दिली, तर दोन चमच्यांचा अर्थ बदलतो. आणि चमचा तरी कुठला? पोह्यांचा चमचा आणि औषधाच्या बाटलीसोबतचे माप यांत बराच फरक असतो.

तेव्हा दवाखान्यात शिरताच मुलाचे वजन करायला सांगा आणि तो आकडा चिठ्ठीवर लिहून घ्या. वजनाचा उल्लेख नसलेली लहान मुलाची मलेरियाची चिठ्ठी मला अपुरी वाटते, मग ती कितीही मोठ्या पदव्यांच्या डॉक्टरांची असो. ‘मोठ्याची अर्धी, लहानाची पाव’ हा आपला जुना घरगुती मापदंड डोकेदुखीच्या गोळीपुरताही बरा नाही. इथे तर तो घातकच. प्रमाण कमी पडले तर परजीवी पूर्ण मरत नाहीत, ताप दोन दिवस लपतो आणि मूल अधिक फिकट होऊन परत येते. प्रमाण जास्त झाले तर क्लोरोक्विन हृदयाची लय बिघडवते. लहान मुलाच्या जिवावर बेतायला त्याच्या मोजक्या गोळ्याही पुरतात.

इथे एक गोष्ट खास आपल्या वाचकवर्गासाठी. संधिवातासाठी तुमच्यापैकी अनेकजण हायड्रॉक्सिक्लोरोक्विन घेतात. नाव जवळचे, कुळ एकच. त्यामुळे ‘आजीची गोळी मलेरियाचीच आहे, अर्धी देऊन पाहू’ असा विचार एखाद्या घरात होऊ शकतो. तो कृपा करून करू नका. ते पाकीट फ्रिजवर किंवा उशाशी न ठेवता नातवंडांचा हात पोहोचणार नाही अशा बंद कपाटात ठेवा.

क्लोरोक्विन अतिशय कडू असते. मूल ते थुंकते, ओकते. औषध दिल्यावर अर्ध्या तासाच्या आत उलटी झाली तर ती मात्रा पुन्हा द्यावी लागते. त्यासाठी डॉक्टरांना फोन करून विचारा, गप्प बसू नका. उपाशीपोटी देण्याऐवजी थोडे खाऊ घालून दिले, आधी ताप उतरवून घेतला, की उलटीचे प्रमाण कमी होते. चिरडलेली गोळी मधात किंवा केळ्याच्या कुस्करात मिसळता येते. वर्षाखालील बाळाला मात्र मध नको. प्रत्येक वेळी सगळेच ओकून टाकणाऱ्या मुलाला घरी ठेवून प्रयोग करू नयेत. त्याची जागा रुग्णालयात आहे.

तीन दिवसांनी ताप जातो आणि इथेच बहुसंख्य घरांत उपचार थांबतो. व्हायव्हॅक्सचे काही परजीवी यकृतात झोपून राहतात आणि काही आठवड्यांनी, कधी महिन्यांनी, पुन्हा उठतात. ‘मागच्या वर्षीही याला मलेरिया झाला होता’ असे आपण म्हणतो तेव्हा पुष्कळदा तो नव्या डासाचा नव्हे, जुन्याच पाहुण्याचा प्रताप असतो. त्यांना मारण्यासाठी प्रायमाक्विन चौदा दिवस द्यावे लागते. खासगी चिठ्ठ्यांत सर्वाधिक गळते ते हेच औषध. काही डॉक्टर ते लिहीतच नाहीत, काही पाच दिवसांचे लिहितात, आणि चौदा दिवसांचे लिहिले तरी चौथ्या दिवशी मूल खेळू लागले की पालक बंद करतात. या कामी आजी-आजोबांइतका भरवशाचा माणूस नाही. स्वतःच्या रक्तदाबाच्या गोळ्या तुम्ही घड्याळ लावून घेता. भिंतीवरच्या दिनदर्शिकेत चौदा चौकटींवर खुणा करणे तुम्हाला जड जाणार नाही.

प्रायमाक्विनच्या दोन अटी आहेत. आपल्या राष्ट्रीय धोरणानुसार एक वर्षाखालील बाळाला आणि गर्भवतीला ते देत नाहीत. दुसरी अट रक्ताची: ‘जी-सिक्स-पीडी’ नावाच्या द्रव्याची जन्मजात कमतरता असलेल्यांच्या लाल पेशी या औषधाने फुटतात. ही कमतरता आनुवंशिक असून मुलग्यांत अधिक दिसते. काही समाजांत आणि आदिवासी जमातींत तिचे प्रमाण जास्त आहे. शक्य असेल तिथे आधी तपासणी करून घ्यावी. ती झाली नसेल तर निदान रोजची लघवी पाहावी. ती काळ्या चहासारखी झाली, डोळे पिवळे दिसू लागले, मूल एकाएकी पांढरेफटक पडले, तर पुढची गोळी न देता तडक डॉक्टरांकडे जावे. कुटुंबात पूर्वी कुणाला औषधाने असा त्रास झाला असेल तर ती माहिती बहुधा घरातल्या सर्वांत वडीलधाऱ्या माणसाकडेच असते. विचारण्याची वाट न पाहता ती सांगा.

फाल्सिपेरम ही मलेरियाची दुसरी जात अधिक धोकादायक, मेंदूपर्यंत जाणारी. महाराष्ट्रात गडचिरोलीसारख्या जंगलपट्ट्यात ती मुख्यत्वे आढळते, पण तिकडून प्रवास करून आलेल्या माणसाला ती कुठेही गाठू शकते. म्हणून मूल गेल्या महिन्यात कुठे जाऊन आले हे डॉक्टरांना सांगावे. तिच्यावर क्लोरोक्विनचा भरवसा उरलेला नाही. आर्टेमिसिनिन गटातले औषध दुसऱ्या औषधाच्या जोडीने तीन दिवस द्यावे लागते. ज्या चिनी वनस्पतीपासून ते निघाले तिच्यावरील संशोधनासाठी तू यूयू यांना २०१५ साली नोबेल पारितोषिक मिळाले, हे अनेकांनी वाचले असेल. या गटातले औषध एकटे तोंडाने देऊ नये, नाहीतर परजीवी त्यालाही सरावतील, असे जागतिक आरोग्य संघटनेने २००६ मध्ये बजावले, आणि आपल्याकडेही पुढे अशा एकट्या गोळ्यांवर बंदी आली. सरकारी केंद्रांत जोड औषधाची पाकिटे वयोगटानुसार वेगवेगळ्या रंगांत मिळतात: तान्ह्यांचे गुलाबी, एक ते चार वर्षांचे पिवळे, पाच ते आठचे हिरवे, नऊ ते चौदाचे लाल, मोठ्यांचे पांढरे. अक्षर न वाचता येणाऱ्या आजीलाही चूक पकडता यावी अशी ही योजना मला फार आवडते. खासगी दुकानांत आर्टेमेथर आणि ल्युमेफॅन्ट्रिन ही जोडी अधिक चालते. ती दुधाबरोबर किंवा तुपाच्या घासाबरोबर द्यावी. स्निग्ध अन्नाशिवाय ती अंगी नीट लागत नाही.

आता सुईचा प्रश्न. ‘मलेरिया निघाला ना, मग सुई द्या’ हा आग्रह नातेवाईकांचाच असतो आणि खासगी डॉक्टर त्याला सहज बळी पडतात. आर्टिईथर हे लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेत विकसित झालेले इंजेक्शन आपल्याकडे बरेच वापरले जाते. परंतु राष्ट्रीय मार्गदर्शनात ते मुलांसाठी सुचवलेले नाही. इंजेक्शनची खरी जागा गंभीर मलेरियात, रुग्णालयात. तिथे आर्टेसुनेट देतात आणि रुग्ण गिळू लागला की त्यानंतरही तोंडाने तीन दिवसांचे जोड औषध पूर्ण करावेच लागते. घरी सोडताना दिलेल्या कागदावर हे शेवटच्या ओळीत लिहिलेले असते आणि नेमके तेच राहून जाते. जे मूल खाते-पिते आहे त्याला मात्र गोळीने जे होते ते सुईने अधिक चांगले होत नाही.

गर्भवतीकडे वळू. तिच्या बाबतीत खासगी डॉक्टरांची प्रवृत्ती उलट असते. मुलाला ते घाईने फार देतात, गर्भवतीला भीतीने फार कमी. घरचेही ‘औषध उष्ण पडेल, गर्भ पडेल’ म्हणून अर्ध्या गोळीचा आग्रह धरतात. वाचकहो, गर्भाला खरा धोका मलेरियाचाच असतो. गरोदरपणात फाल्सिपेरमचे परजीवी वारेत दडून बसतात. त्यामुळे बोटाच्या रक्तात ते कधी सापडतही नाहीत आणि अहवाल ‘निगेटिव्ह’ येऊनही रोग चालू राहतो. गर्भपात, अपुऱ्या दिवसांचे बाळंतपण, कमी वजनाचे बाळ आणि आईचे रक्त झपाट्याने कमी होणे हे त्याचे परिणाम. म्हणून थंडी वाजून येणारा ताप चालूच असेल तर एका कोऱ्या अहवालावर न थांबता पुन्हा रक्त तपासावे.

क्लोरोक्विन मलेरियाच्या नेहमीच्या मात्रेत गरोदरपणाच्या नऊही महिन्यांत देता येते. ते पूर्ण प्रमाणात द्यावे. पोटात बाळ आहे म्हणून अर्धे नव्हे. फाल्सिपेरममध्ये कितवा महिना आहे हे महत्त्वाचे ठरते. आपल्या २०१३ च्या धोरणात पहिल्या तीन महिन्यांसाठी क्विनिन, म्हणजे आपले जुने कोयनेल, सात दिवस सांगितले आहे. पुढच्या महिन्यांत जोड औषध. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये आर्टेमेथर-ल्युमेफॅन्ट्रिन पहिल्या तीन महिन्यांतही चालेल असे नव्याने सांगितले. त्यामुळे एका डॉक्टरांनी क्विनिन लिहिले आणि दुसऱ्यांनी हे, तर कुणीतरी चुकले असे लगेच समजू नका. क्विनिन चालू असताना कानात गुणगुण होते, ती औषध थांबवल्यावर जाते. पण रक्तातील साखर घसरू शकते आणि गर्भवतीत हे अधिक घडते. तिला उपाशी ठेवू नका. उपवासाचे दिवस असले तरी नाही. घाम सुटून ती असंबद्ध बोलू लागली तर तोंडात साखर घाला, बेशुद्ध असेल तर काहीही न घालता रुग्णालय गाठा. आईचा जीव धोक्यात असेल तेव्हा आर्टेसुनेटचे इंजेक्शन कोणत्याही महिन्यात देतात, हेही लक्षात असू द्या. त्या वेळी ‘बाळाचे काय’ म्हणून डॉक्टरांचा हात धरू नका.

आणखी एक बारीक बाब. आपल्याकडच्या जोड औषधांपैकी एकात सल्फाडॉक्सिन-पायरिमेथामिन असते आणि फॉलिक ॲसिडची ५ मिलिग्रॅमची गोळी त्याचा प्रभाव कमी करू शकते. गर्भवतीला ही गोळी अनेकदा आधीपासूनच चालू असते. म्हणून तापासाठी ज्यांच्याकडे जाल त्यांच्यासमोर तिची चालू औषधे ठेवा. डॉक्सिसायक्लिन गर्भवतीला आणि आठ वर्षांखालील मुलाला देत नाहीत. ते नाव चिठ्ठीवर दिसले तर विचारायला संकोच नको.

पण डॉक्टरांना हे सारे पाळता यावे यासाठी तिला दिवस गेले आहेत हे त्यांना आधी कळायला हवे. नवी सून, पाळी चुकून पंधरा दिवस झालेले, घरात अजून कुणाला सांगितलेले नाही, आणि तपासणीच्या खोलीत शेजारी सासू-सासरे उभे. अशा वेळी ‘पाळी कधी आली होती?’ या प्रश्नाला खरे उत्तर येत नाही. किंबहुना गर्दीच्या दवाखान्यात तो प्रश्न विचारलाच जात नाही आणि प्रायमाक्विनसकट सगळी चिठ्ठी लिहिली जाते. घरातील तरुण स्त्रीला ताप असेल तर तिला दोन मिनिटे डॉक्टरांजवळ एकटी सोडून तुम्ही बाहेर बाकावर बसा. तान्ह्या बाळाला पाजत असेल तर बाळाचे वयही सांगायला हवे. अगदी लहान बाळ अंगावर पीत असताना प्रायमाक्विन सहसा टाळतात.

दुसरी अडचण आमच्या व्यवसायातली. ताप आलेली गर्भवती जनरल डॉक्टरांकडे गेली की ते म्हणतात, ‘तुमच्या बाईंना दाखवा’; स्त्रीरोगतज्ज्ञ बाई म्हणतात, ‘ताप आहे, फिजिशियनना दाखवा’. या ये-जा करण्यात एखादा दिवस सहज निघून जातो. मलेरियाची तपासणी दोघांपैकी कुणीही लिहू शकतो. पहिल्याच ठिकाणी ‘रक्त तरी आत्ता घ्या’ असा आग्रह धरावा. जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा महापालिकेच्या दवाखान्यात तपासणी आणि औषध दोन्ही विनामूल्य आहेत. खासगी डॉक्टरांचे रुग्ण आहात म्हणून तिथे कुणी नाकारत नाही.

जाता जाता अहवालांविषयी. ‘मलेरिया आणि टायफॉइड दोन्ही निघाले’ असे सांगत अनेकजण येतात. विडाल नावाची जी जुनी चाचणी केलेली असते ती इतर तापांतही होकारार्थी येते, आणि तेवढ्यावरून गर्भवतीला किंवा मुलाला दोन रोगांची औषधे एकदम सुरू करणे मला पटत नाही. तसेच, फाल्सिपेरमचा झटपट संच बरे झाल्यावरही काही आठवडे रेघ दाखवत राहतो. तेवढ्यावर पुन्हा उपचार करू नयेत, काचेच्या पट्टीवरची तपासणी करावी.

मूल दूध-पाणी घेईनासे झाले, सुस्त पडले, आकडी आली, श्वास भराभर चालू लागला किंवा लघवी बंद झाली, तर रात्र असली तरी सकाळची वाट पाहू नका. गर्भवतीत हीच लक्षणे. शिवाय बाळाची हालचाल मंदावणे.

व्हायव्हॅक्स झालेल्या गर्भवतीला प्रायमाक्विन देता येत नसल्याने तिच्या यकृतातले परजीवी तसेच राहतात. रोग पुन्हा उसळू नये म्हणून बाळंतपणापर्यंत आठवड्याला क्लोरोक्विन द्यायचे का, हे डॉक्टर ठरवतील. पुढे योग्य वेळी, रक्ताची तपासणी करून, राहिलेला उपचार पूर्ण करायचा असतो. तोवर मुलगी माहेरहून सासरी गेलेली असते, डॉक्टर बदललेले असतात आणि मलेरियाचा कागद माहेरच्या कपाटात पडून असतो. बाळाच्या लसीकरणाच्या कार्डाबरोबर तो तिच्या पिशवीत घाला आणि ‘प्रायमाक्विन राहिले आहे’ असे त्याच्यावर मोठ्या अक्षरात लिहून द्या.